बिदरकरांचं बावीस वर्षांचं शून्य

आमच्या जुन्या लॅबमधली चार माणसं एकत्र आली की चहा निवतो, पण किस्से काही संपत नाहीत. काम करताना कुणी हसत नव्हतं हं! हसायला लागलो ते नवे नियम वाचल्यावर.

तर ऐका. लॅबमध्ये युरेनियमची पिवळी पूड भट्टीत भाजायची. प्रत्येकाला छातीवर लावायला फिल्मचा बॅज. अंगावर किती किरण पडले ते त्यावर उमटायचं, आणि जास्त उमटलं की माणूस काही महिने भट्टीबाहेर. आमच्या बिदरकरांचा भट्टीवर भारी जीव. बाहेर कोण बसणार? बॅज कायम टेबलाच्या खणात! विचारलं की म्हणायचे, "सरकारी वस्तू आहे बाई, हरवली म्हणजे?"

*

यादगिरी मेकॅनिकला मास्क मिळायचा. तो मास्क त्यानं लॅबमध्ये कधी लावला नाही. मलकपेठच्या रस्त्यावर स्कूटर चालवताना मात्र न चुकता! मी विचारलं की म्हणायचा,

"अंदर कायको, मॅडम? अंदर तो एसी है. धूल तो बाहर है!"

*

मग आलं रीऑर्गनायझेशन. दोन सेक्शनचा एक झाला आणि सेफ्टीला सुजाता मॅडम आल्या. दिलसुखनगरची पोरगी, माझ्या लेकीच्या वयाची. जुनी रजिस्टरं वाचून तिनं कपाळाला हात लावला.

"आंटी, तुम्ही हातमोजे धुऊन परत वापरत होता?"

"मग! एकदा वापरून फेकायला आम्ही काय निजाम होतो?"

*

खरी पंचाईत झाली बिदरकरांची. बावीस वर्षांचा रेकॉर्ड काय, तर शून्य! म्हणजे हा माणूस भट्टीजवळ गेलेलाच नाही, असं मॅडमनी ठरवलं. भट्टीवर आता फक्त अनुभवी माणसं ठेवायची होती. मग नव्या यादीत यांचं नाव कुठे? स्टेशनरी स्टोअरमध्ये!

"मॅडम, बॅज खणात असायचा हो!"

"अंकल, आता सगळेच असं म्हणतात. प्रूफ काय?"

रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली, आणि पेन्सिली वाटत बसायचं. रुमालात तोंड घालून रडले हो बिदरकर. मलाही फार वाईट वाटलं.

*

यादगिरीनं शक्कल काढली. अंगात गेलेली पूड मोजणारं नवं मशीन आलं होतं, त्यात बसवा साहेबांना! बिदरकर देवाला नारळ फोडून आले. अर्ध्या तासानं मॅडम हसत बाहेर.

"अंकल, काँग्रॅट्स! एकदम क्लीन!"

बिदरकरांनी हात जोडले. "नीट बघा हो मॅडम. थोडं तरी असेल!"

*

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, सुमनवहिनी, अंबरपेठहून रिक्षा करून थेट मॅडमच्या केबिनमध्ये. पदर खोचलेला.

"भट्टीवर नव्हते म्हणता? मग बावीस वर्षं मी काय धूत होते? घरी आले की आधी मागच्या मोरीत आंघोळ. कपड्यांना वेगळी बादली. चपला दाराबाहेर. नखं बघितल्याशिवाय चहा नाही! ती मेली पिवळी पूड, माझ्या स्वयंपाकघरात येऊ दिली नाही मी!"

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. आठवड्यानं बिदरकर भट्टीवर परत आले आणि जुन्या लॅबच्या सेफ्टीवरचा मॅडमचा रिपोर्टही आला. शेवटची ओळ मॅडमनी स्वतः आम्हाला वाचून दाखवली :

"त्या काळात आजच्या नियमांत बसणारी व्यवस्था एकाच ठिकाणी आढळली : अंबरपेठ, श्रीमती बिदरकर यांची मोरी."