बर्फात नेलेला नमुना

"माझ्या पोरात खोट न्हाय! असंल तर सुनेत हाय, तिला तपासा!" आई आमच्या कापडाच्या कारखान्याच्या दारात ओरडत होती. आत सगळे लूम धडधडत होते, तरी तिचा आवाज थेट लांबच्या अंबाडी नाक्यावर पोचला असणार. तिकडे एसट्या थांबल्या असतील, असं मी आजही शपथेवर सांगतो.

समोर मुंबईहून आलेल्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. वर्षानुवर्षं लूमच्या उकाड्यात उभं राहून पुरुषांच्या बीजाचं काय होतं, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. आमच्या नारपोलीतले कारखाने हिंडून त्या नमुने गोळा करत होत्या. आमचे कामगार लाजून पळाले. मी मालक, मी कुठे पळणार? खाडीकाठची जमीन विकून वडिलांनी लूम टाकले तेव्हापासून मीही त्याच पत्र्याखाली शिजत होतो.

लग्नाला सात वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता. बायकोचं पोट तपासलं नाही असा दवाखाना ठाणे जिल्ह्यात उरला नव्हता. गोळ्या, सुया, उपास, अंगारे, सगळं तिलाच. मला तपासायची आमच्यात पद्धतच नव्हती. हिला माहेरी पाठवायचं आणि दिघाशी गावची मुलगी दुसरी करून आणायची, असं आईने ठरवत आणलं होतं. बायको भांडी घासत हे सगळं ऐकायची. ऐकून ऐकून तिच्या चेहऱ्यावर राग येईनासा झाला होता. मीही थकलो होतो. म्हणून बाईंना हो म्हणालो.

बाईंनी डबी दिली आणि लवकर आणा म्हणाल्या. आणखीही काही म्हणाल्या, पण लूमच्या धडधडाटात मला तेवढंच ऐकू आलं. आता आम्ही खाडीची माणसं. जी वस्तू ताजी पोचवायची ती बर्फात, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मासळीची थर्माकोलची पेटी काढली, बर्फाचा चुरा भरला, मधोमध डबी रोवली आणि स्कूटरला बांधून निघालो. वाटेत एवढे खड्डे, की एकात स्कूटर शिरली ती पलीकडे उगवली. ओळखीचा एक हमाल हाक मारून म्हणाला, "सेठ, पापलेट है क्या?" मी म्हटलं, "उससे भी महंगा."

बाईंनी पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. मग शांतपणे समजावलं. ही वस्तू गारठली की मरते, ती अंगाच्या उबेत आणायची असते. आतलं सगळं निपचित पडलं होतं. म्हणजे परीक्षा पुन्हा द्यायची.

दुसऱ्या वेळी माझ्यावर कुणाचा भरवसा नव्हता. डबी बायको घेऊन गेली, रिक्षाने. निकाल आला तो असा, की बीज फारच थोडं आणि जे होतं तेही माझ्यासारखंच दमलेलं. बायकोत काही दोष नव्हता.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती हसली. कारण मी म्हणजे कोण? खाडीत नावेएवढा खेकडा पाहिला म्हणून सांगणारा माणूस. बायकोला वाचवायला रचतोय, एवढंच तिला वाटलं. सुनेने असल्या विषयावर सासूपुढे तोंड उघडायचं नसतं, म्हणून तिला कुणी विचारलंच नाही.

पुढे बाईंचा लेख बाहेरदेशीच्या मासिकात छापून आला. त्यांनी आठवणीने एक प्रत आणून दिली. नाव कुणाचंच नव्हतं, नुसते आकडे, त्यातला एक मी. ती प्रत घडी घालून मी खिशात ठेवली, कारण त्याच आठवड्यात दिघाशीचे पाव्हणे बोलणी करायला येणार होते.

ते आले. सतरंजीवर बसले. मी कागद पुढे करून सांगितलं की खोट माझ्यात आहे, हे बघा, छापलंय. मुलीच्या बापाने कागद उलटासुलटा केला. इंग्रजी. मग तो मांडीवर थाप मारून हसला. म्हणाला, "जावईबापू गमती हायेत, आयकलंय आमी." आईही हसली. आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोललो होतो, आणि माझ्या तोंडी ते कुणाला पटत नव्हतं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. कप एकेक करून सगळ्यांपुढे ठेवले. मग पदर नीट करून मुलीच्या बापाला म्हणाली,

"खरं हाय ते. पयल्यांदा ह्यांनी बर्फात नेलं, ते वाया गेलं. दुसऱ्यांदा मी नेलं, पोलक्यात धरून. चहा घ्या, निवतोय."