सुईवहिनींचं निदान

सुईवहिनी माणसाचं बोलणं ऐकत नसत, आवाज ऐकत. आपण आपलं कंबर, गुडघा, पित्त असं सगळं रडगाणं गात बसावं आणि त्यांनी डोळे मिटून, मान तिरकी करून बसावं. पहिल्या वेळी मला वाटलं, बाईंना डुलकी लागली. मी गप्प झालो तर म्हणाल्या, "थांबलात का? बोला की काहीही." मग मी बोईसरच्या रस्त्यांवर बोलत सुटलो. त्या विषयाला आमच्याकडे तोटा नाही.

त्या आमच्या भाऊंच्या बायको, म्हणून वहिनी. आणि अॅक्युपंक्चर करायच्या, म्हणून सुईवहिनी. भाऊ तारापूरच्या केमिकल कंपनीत माझे सीनियर. दोघं मूळचे एडवणचे, वाडी-बागायतीच्या घरातले. वहिनी मुलं मोठी झाल्यावर मुंबईला जाऊन-येऊन रीतसर शिकल्या, सर्टिफिकेट भिंतीवर लावलं, आणि बोईसरमधल्या त्यांच्या तळमजल्याच्या घराच्या बाहेरच्या खोलीत दवाखाना थाटला. मी कराडकडचा माणूस. पोटापाण्यासाठी इकडे आलो आणि व्हॉल्व्ह फिरवता फिरवता उजवा खांदा आखडून बसला. गोळ्या खाऊन कंटाळलो, शिफ्ट करून त्याहून कंटाळलो, तेव्हा भाऊच म्हणाले, "जा वहिनीकडे, टोचून घे."

आवाज ऐकून झाला की वहिनी प्रश्न विचारत. तिखट आवडतं की आंबट? रंग कुठला आवडतो? कुठला ऋतू सोसत नाही? बिहारकडचा एक वेल्डर वैतागून म्हणाला होता, "मॅडम, कमर में दर्द है, और आप रंग पूछती हैं! पेंट कराना है क्या?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पहले बताओ, फिर पेंट करेंगे." तो इतका हसला की वहिनींनी तेवढ्यावरच त्याचं तत्त्व ठरवून टाकलं.

ही तत्त्वं म्हणजे चिनी वैद्यकातली पाच: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. शिरगावच्या एक कोळीण मावशी सांधे धरले म्हणून यायच्या. त्या म्हणाल्या, "बाय, आमची पंचमहाभूतं तुमी चीनला कवा पाटवली?" वहिनी म्हणाल्या, "ती नाय गं, ही वेगळी. यात वारा नाय, आकाश नाय. लाकूड अग्नीला जन्म देतं, अग्नीची राख माती होते, मातीतून धातू निघतो, धातूतून पाणी आणि पाण्यावर परत लाकूड वाढतं. प्रत्येक जण पुढच्याची आई. लेकरू अशक्त झालं की आईला बळ द्यायचं." मावशी म्हणाल्या, "आणि आईला कोण देतं?" वहिनी म्हणाल्या, "तिच्या आईनं द्यायचं. गोलच हाय ते." मावशींना हे पटलं. मला तेव्हा नुसती झोप येत होती.

प्रत्येक तत्त्वाची एक भावना आणि एक आवाज असतो, असं त्या सांगत. लाकडाचा राग, तो माणूस ओरडून बोलतो. अग्नीचा आनंद, त्याच्या बोलण्यात हसू असतं. मातीची काळजी, ती हेल काढून गाते. धातूचा शोक, तो रडतो. पाण्याची भीती, ते कण्हतं. माझ्याबद्दल म्हणाल्या, "धातू. तुमच्या आवाजात रडणं आहे." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "वहिनी, मी कराडचा माणूस आहे, रडका नाही!" त्या म्हणाल्या, "कोण गेलं घरातलं?" आई गेली होती आदल्या वर्षी. प्लांट बंद ठेवून करायची शटडाऊनची कामं चालू होती, रजा मिळाली नाही, दहाव्यालाच पोचलो. वहिनींनी माझा हात ओढून घेतला. मनगटाजवळ बारीकशी सुई टोचली आणि मी त्या टेबलावर घोरायला लागलो. खांदा सुयांनी सुटला की आपोआप, देव जाणे. पण झोप लागायची, हे मात्र खरं. शिफ्टवाल्या माणसाला आणखी काय हवं?

एक सांगायलाच हवं, वहिनी भोंदू नव्हत्या. छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं की सुईला हातसुद्धा लावत नसत. "आधी हॉस्पिटल, मग मी," म्हणत आणि स्वतः रिक्षात बसवून देत.

भाऊ रिटायर झाले आणि वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटल झालं, व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीवाला मुलगा यायला लागला, पाय थोडा हलायला लागला. वाचा काही येईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आली तर आली. वहिनींना ते मान्य नव्हतं. माझ्या माणसाला मी बोलतं करणार, म्हणाल्या. रोज सकाळी पेशंट यायच्या आधी भाऊंना सुया. दिवसभर पेशंट, संध्याकाळी परत भाऊ. बाई वाळत चालल्या. दुसऱ्यांच्या नाड्या बघणाऱ्या वहिनींना स्वतःच्या जेवणाची शुद्ध राहिली नाही. मी एकदा म्हटलं, "वहिनी, जरा दमानं." त्या म्हणाल्या, "दमले तर आहेच. पण मला त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकायचाय हो. मग झोपेन."

पहिली पाळी करून एकदा दुपारी भाऊंना भेटायला गेलो. मधला पडदा अर्धवट सरकवलेला. भाऊ आत पलंगावर, अंगावर सुया. आम्ही दोघं उंबऱ्याशी चहा घेत बसलो. वहिनी आपलं गणित मला समजावून सांगत होत्या. "जीभ हृदयाची आणि हृदय अग्नीचं. यांचं तत्त्व मूळचंच अग्नी. एवढा हसरा माणूस! तो अग्नी विझलाय. म्हणून मी लाकडाला बळ देतेय, त्याच्या आईला. अजून निखारा आहे हो. मी समोर गेले की तोंड वाकडं करून का होईना, हसतात."

मी दमलेलो होतो, तोंडावर ताबा नव्हता. म्हटलं, "हसरा? कोण, भाऊ?"

"म्हणजे?"

"वहिनी, कंपनीत भाऊंना हसताना कोणी पाहिलं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "काहीतरीच काय! घरात पाऊल टाकल्यापासून यांची मस्करी चालू."

आता सुरुवात केलीच होती. सांगितलं. रसायनं शिजवायचा रिअॅक्टर चालू असला की भाऊ पाइपांवर हात ठेवत, कान देत हिंडायचे. गॅस सुटला तर कुठे पळायचं म्हणून, वारा कुठला आहे ते बघितल्याशिवाय प्लांटमध्ये पाऊल टाकायचे नाहीत. शेजारच्या कंपनीत धोक्याचा भोंगा झाला की त्यांचे हात कापायचे, म्हणून ते खिशात घालायचे. त्यांच्या त्या भीतीमुळे आमच्यातली कितीतरी माणसं धडधाकट घरी गेली. आणि ड्यूटीवर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

"डबा तर रोज रिकामा यायचा," वहिनी म्हणाल्या.

"तो आम्ही खायचो, वहिनी. ते म्हणायचे, खाऊन टाका, भरलेला परत गेला तर घरी विचारतील."

वहिनींनी कप खाली ठेवला. मग पुटपुटल्या, "डोळ्यांखाली काळं असायचं, पाण्याचा रंग तो. मी म्हणायची, नाइट शिफ्ट. आणि हे जे कण्हतात ना आता, मला वाटायचं बोलायचा प्रयत्न चाललाय." एवढा आवाज ऐकणारी बाई! हजार माणसांची भीती तिने नुसत्या आवाजावरून ओळखली असेल. घरच्या माणसाचं हसू मात्र तिने खरं मानलं. कोण मानणार नाही?

आतून भाऊ कण्हले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वहिनी उठून आत गेल्या. मला वाटलं, आता सुयांच्या जागा बदलतील. त्यांनी एकेक करून सगळ्या सुया काढल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या.

"अहो, भीती वाटायची?"

भाऊंनी सवयीने तोंड वाकडं करून हसायला घेतलं.

"हसू नका," वहिनी म्हणाल्या. "मला खरं सांगा. वाटायची?"

ते वाकडं हसू हळूहळू उतरलं. भाऊंनी मान हलवली, हो म्हणून. आणि लहान मुलासारखे रडायला लागले. वहिनी म्हणाल्या, "मग घरी येऊन एवढं हसायची काय गरज होती? मी होते ना!" भाऊंनी आपला चालता डावा हात त्यांच्या तोंडावर ठेवला. मी चपला पायात सरकवल्या आणि निघालो. तिथे आपलं काय काम?

त्यानंतर काही महिन्यांनी दवाखाना बंद झाला. दोघं एडवणला गेली. जाताना वहिनींनी मला बेटेगावच्या एका सुयावाल्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. मी काही गेलो नाही. खांदा अधूनमधून धरतो. झोपेचं तर विचारूच नका.

मागच्या सुट्टीला एडवणला जाऊन आलो. भाऊ ओट्यावर खुर्चीत होते. वहिनींच्या अंगावर जरा मांस चढलं होतं. मी हळूच विचारलं, "बोलतात का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आता बोलतील असं वाटत नाही. सुया लावते कधीतरी, त्यांनी हात पुढे केला तरच."

वाऱ्याने मागे नारळाची झावळी पडली, धाडकन. भाऊ दचकले आणि त्यांनी वहिनींचा हात घट्ट धरला. वहिनींनी तो सोडवला नाही. मला म्हणाल्या, "आता माझ्यासमोर हसत नाहीत हो. बरं वाटतं."