माळावर वस्ती बसली ती अशी

लग्न होऊन मी आले तेव्हा वस्तीत मोजून सात घरं होती. धारूरच्या डोंगराखालचा उघडा माळ, गुडघाभर कुसळी गवत, झाड औषधाला नाही. माहेरच्या बायका हळहळल्या, पोरीला माळावर दिली म्हणून.

ही वस्ती बसवली माझ्या सासूबाईंनी. मोठ्या दुष्काळात चार गावांची माणसं इथं तलावाच्या कामावर आली होती. सासूबाई खडी फोडायच्या. सासऱ्यांच्या वाटणीची जमीन तिथंच होती, पण ती कुणी कधी नांगरली नव्हती. भर उन्हाळ्यातही तिच्या एका खोलगट कोपऱ्यात हरळी हिरवी राहते, हे सासूबाईंनी हेरलं. काम संपल्यावर बाकीचे गावी परतले. या दोघांनी तिथं विहीर खणली. पाणी लागलं तेव्हा कामावर ओळख झालेल्या सहा घरांना त्यांनी बोलावून जागा दिली. हे मला शेजारणींकडून कळलं. सासूबाईंनी स्वतः हे कधी सांगितलं नाही.

पुढं तेलगावच्या रस्त्याला दूध सोसायटी निघाली. आम्ही दूध डोक्यावर न्यायचो, उन्हाळ्यात ते वाटेतच नासायचं. सासूबाई मला घेऊन चेअरमनकडं गेल्या. दुधाची गाडी पाठवू, पण वस्तीला रस्ताच नाही, असं ते म्हणाले.

"रस्ता झाला तर येईल न्हवं?" त्यांनी विचारलं. ते हो म्हणाले.

त्या वर्षी पाऊस पुन्हा हुकला, पेरण्या वाया गेल्या. हात रिकामे होते. बायका खडी फोडायला बसल्या, पुरुषांनी ती बैलगाडीनं वाहून पसरली. मी कधी हातोडा धरला नव्हता. सासूबाईंनी दगड माझ्यापुढं फिरवून ठेवला.

"जोर लावू नको. शीर बघ, तिच्यावर मार."

माझ्या हाताला फोड आले तेव्हा त्यांनी हातोड्याच्या दांड्याला चिंधी बांधून दिली.

तीन महिन्यांनी गाडी आली. रस्ता लई चांगला झालाय, असं ड्रायव्हर म्हणाला. सासूबाई म्हशीखालून उठल्यासुद्धा नाहीत.

"पावसाळा निघू द्या, मग सांगा."

पुढच्या वर्षी पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याजवळचा तुकडा वाहून गेला. दोन दिवस आम्ही पुन्हा डोक्यावर दूध नेलं, तो तुकडा भरून काढला आणि तिसऱ्या दिवशी गाडी आली. दसऱ्यानंतर दरवर्षी ऊसतोडीला जाणारी वस्तीतली दोन घरं त्या वर्षी गेली नाहीत, दुधाच्या पैशावर त्यांचं भागलं. त्यांच्या मुली पहिल्यांदाच वर्षभर शाळेत बसल्या.