सायलीची पदवी आणि माझं लॅमिनेशन

गेल्या बुधवारी फेल्डहोवनमध्ये माझ्या हातून एक पराक्रम घडला. ही म्हणाली, कुणाला सांगू नका. म्हणून इथं लिहितोय.

आम्ही दोघं साताऱ्याहून इथं परदेशात लेकीकडे आलोय. सायलीनं मास्ट्रिख्टला मास्टर्स केलं, त्याचा पदवीदान समारंभ होता. इथली पद्धत अशी की स्टेजवर बोलावून, सगळ्यांसमोर, तुमच्या पदवीच्या कागदावर तुमचीच सही घेतात. ही रडली. मी रडलो नाही, चष्म्यावर काहीतरी आलं होतं.

आता मुद्दा असा. शिक्षण संपलं की इथलं सरकार परदेशी मुलांना एक वर्ष देतं... राहा, कुठंही काम करा, पक्की नोकरी शोधा. त्याला 'झूकयार' म्हणतात. पण एका पदवीवर हे वर्ष एकदाच मिळतं, आणि सायलीचा विद्यार्थी परवाना महिनाअखेर संपत होता. गुरुवारी त्याच कामासाठी तिला आइंडहोवनच्या ऑफिसात बोलावलं होतं.

ऑफिस म्हटलं की माझ्या अंगात येतं. जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होतो, उभी हयात लोकांचे कागद तपासण्यात गेली. 'ओरिजिनल आणलंय का?' हे मी झोपेतही विचारतो, असं हिचं म्हणणं. तेव्हा गुरुवारी ओरिजिनल पदवी लागणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. आणि ही पोरगी ती सॅकमध्ये कोंबून पावसात सायकल मारत जाणार!

मग काय... लॅमिनेशन.

सायलीची फ्लॅटमेट फेमके इथल्या शाळेत बाई आहे. मुलांची चित्रं लॅमिनेट करायचं छोटं मशीन तिच्याकडे होतं. मी खुणेनं मागितलं, तिनं हसत काढून दिलं आणि सायकलवर टांग टाकून शाळेला गेली. सायलीही बाहेर होती.

"अहो, पोरीला विचारा तरी," ही म्हणाली. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? आपल्या घरात रेशनकार्डसुद्धा लॅमिनेट केलेलं आहे.

कागद जाड होता, हे मान्य. निम्मा आत गेला... आणि थांबला. मग कर्रर्र आवाज, मग वास. इकडून मी ओढतोय, तिकडून मशीन ओढतंय. शेवटी जे बाहेर आलं ते एका बाजूनं जास्त भाजलेल्या पापडासारखं वळलं होतं, आणि सायलीची सही नेमकी चुरगळलेल्या भागात.

हात दाखवून अवलक्षण! विद्यापीठाच्या वेबसाइटवर जाऊन मोबाईलवर भाषांतर करून वाचलं, तर पदवी आयुष्यात एकदाच देतात, दुसरी प्रत मिळत नाही. पोरीचं एक वर्ष, तिची नोकरी, दोन वर्षांची मेहनत... सगळं बापानं प्लास्टिकमध्ये घालून भाजलं.

ही टेबल पुसायला लागली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, हिचं असं टेबल पुसणं मी ओळखून आहे. मग दोघांनी मिळून पदवी टेबलावर पसरली आणि सपाट व्हावी म्हणून वर पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवली.

संध्याकाळी सायली आली. पिशवी उचलली, खाली बघितलं. मी त त प प करत होतो... उद्या मी स्वतः येतो, साहेबांच्या हातापाया पडतो, चूक माझी आहे म्हणून लिहून देतो.

तिचे डोळे भरून आले. सहीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, परवान्याला हा कागद लागतच नाही हो. पास झाल्याचं विद्यापीठाचं पत्र अपलोड केलं, ते मंजूरही झालं. उद्या नुसतं कार्ड घ्यायचंय. तीनदा सांगितलं मी तुम्हाला फोनवर! दरवेळी तुमचं एकच... बरं बरं, पण ओरिजिनल जपून ठेव."

जीव भांड्यात पडला. पण खोटं कशाला बोलू, थोडा अपमानही वाटला. ओरिजिनल न बघता परवाना देतात म्हणजे काय! मी असतो तर परत पाठवलं असतं.

सही गेली ती गेलीच. त्याचं वाईट वाटतं, वाटत राहील. सायली मात्र रात्री जेवताना फेमकेला साभिनय सगळं सांगत होती आणि दोघी खिदळत होत्या.

गुरुवारी ऑफिसात ती काउंटरला गेली. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. मला राहवेना.

हिला म्हटलं, "एक सांगू? ते मशीन अडकलं ना, तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं माहितीये? चला... आता पोरगी घरी येईल." बोललो आणि माझी मलाच लाज वाटली. बाप म्हणायचं का कोण!

ही हळूच म्हणाली, "मशीनचं बटण माझ्या हाताशीच होतं. मी मुद्दामच बंद केलं नाही."

तेवढ्यात सायली कार्ड नाचवत आली. "एक वर्ष मिळालं, बाबा!" आम्ही दोघंही उठलो, तिच्या पाठीवरून हात फिरवला, शाब्बास म्हटलं. देवाशपथ, अगदी मनापासून म्हटलं. देवानं असली हिंमतीची पोर दिली, याहून जास्त काय मागायचं?

सायली, तू हे वाचशीलच. लवकर नोकरी शोध, बाळा... तुझ्या आईबापाचा काही भरवसा नाही.