सहाव्या दिवसाचं इन्सुलिन

बाबांच्या मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या, तेव्हा त्यांच्या डायबेटिसला वीस वर्षं झाली होती. गोळ्या, पथ्य आणि रोजचं चालणं, एवढ्यावर त्यांनी तो आटोक्यात ठेवला होता. केमो सुरू झाली आणि ती सगळी घडी विस्कटली. ठाण्याला डे-केअरमध्ये सलाइन लागायचं, आणि त्या दिवसापासून पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी साखर चारशेच्या वर जायची. गोळ्या संपल्या की झपाट्याने उतरायची, आणि नेमकं तेव्हाच तोंड येऊन बाबांचं जेवण सुटायचं. म्हणून डोंबिवलीतल्या डायबेटिसच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं: पहिले पाच दिवस सकाळी बावीस युनिट इन्सुलिन, सहाव्या दिवसापासून दहा.

मी कोपरला राहते, आई-बाबांच्या घरापासून दहा मिनिटांवर. गोळ्या आई द्यायची, इन्सुलिन मी.

तिसरी केमो सोमवारी झाली. त्या दिवशीचं इंजेक्शन वॉर्डातल्या सिस्टरनीच दिलं, म्हणून मी मंगळवारपासून दिवस मोजत गेले. शनिवारी सकाळी साखर एकशे तीस आली. मला बरंच वाटलं. माझ्या मते तो पाचवा दिवस होता. मी बावीस युनिट भरून टोचलं. बाबांनी मऊभाताचे दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. थोड्या वेळाने खातो म्हणाले. मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले.

अकराच्या सुमारास आईने हाक मारली. बाबा खुर्चीत बसून शर्टाचं एकच बटण काढत होते, लावत होते, पुन्हा काढत होते. बनियन घामाने चिंब झालेलं. माझ्याकडे बघून त्यांनी मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली. केमोनंतर ताप आला तर तडक हॉस्पिटल, हे डोक्यात इतकं बसलेलं की मी आधी थर्मामीटर शोधत बसले. अंग तर गार होतं. मग बोट टोचलं. मशीनवर चव्वेचाळीस.

"आई, आजची गोळी दिलीस ना?"

"गोळ्या काल संपल्या," आई म्हणाली.

तेव्हा मला कळलं मी काय केलंय.

आईने ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवली. मी पेला ओठांना लावला, तर बाबांनी दात घट्ट मिटून घेतले.

"साखर नको. मला डायबेटिस आहे."

दुसरं काहीच त्यांना धड आठवत नव्हतं, हे मात्र पक्कं होतं. मी विनवण्या केल्या. त्यांनी माझा हात ढकलला, निम्मं पाणी अंगावर सांडलं. अजून गिळता येतंय तोवरच काय ते, नंतर पेल्याचा उपयोग नाही, हे मला माहीत होतं. आई पुढे झाली.

"अहो, डॉक्टरांनीच प्यायला सांगितलंय," ती शांतपणे खोटं बोलली.

त्यांनी पहिला घोट घेतला.

पंधरा मिनिटांनी अठ्ठावन्न. आणखी एक पेला. बारा वाजता सत्त्याण्णव. डॉक्टरांना फोन केला. इन्सुलिनचा अंमल संध्याकाळपर्यंत राहील, तासातासाला तपासा, थोडं थोडं खायला द्या, गुंगी वाटली तर लगेच आणा, असं ते म्हणाले. या दिवसांत साखर जरा चढी राहिली तरी चालेल, पण अशी उतरू देऊ नका, असंही सांगितलं. संध्याकाळपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.

दुपारी बाबा भानावर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत गेली.

"प्लान्टमध्ये एकट्याने व्हॉल्व्ह उघडायची परवानगी नव्हती," ते म्हणाले. "एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने उघडायचं. तू एकटी का करत होतीस?"

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या केमोला मी डॉक्टरांकडून दिवसांच्या आकड्यांऐवजी वार लिहून आणले. रोज सकाळी आई कागद मोठ्याने वाचायची, मी सिरिंज भरायचे, मग चष्मा लावून ती रेघा तपासायची. बाबा हात पुढे करून थांबायचे.

उरलेल्या तीन केमो अशा काढल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठी दिसल्या नाहीत. त्या शनिवारबद्दल आईने नातेवाइकांत कुणालाच सांगितलं नव्हतं, हे मला पुष्कळ महिन्यांनी कळलं. मी तिला कारण विचारलं नाही.