कोरड्या बागेची कमाई

दादाचा फोन आला तेव्हा मागून पाणी सांडत असल्याचा आवाज येत होता. "तुझी वहिनी गेली," एवढंच तो बोलला. आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी येतं ते आठवड्यातून कधीतरी, आणि सुमनवहिनीच्या घरात त्यातला थेंबही वाया गेलेला मी पाहिला नव्हता. त्या सकाळी टाकी भरून वाहत होती आणि नळ बंद करायला कुणी उठत नव्हतं... त्या आवाजानंच मला बातमी खरी वाटली.

वहिनीचं माहेर देवगाव रंगारीचं, शेतीवाडीतलं. लग्न होऊन शहरात आली आणि तिच्या वाट्याला जमीन म्हणून आली ती फक्त गच्ची. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, पाहुण्यांनी अर्धवट ठेवलेला पेला, सगळं तिच्या बादलीत जायचं. मी पाणी न संपवता उठले की तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसायचा, असा मला कायम संशय आहे. पुण्याला असलेल्या लेकीनं तिला एक वेबसाइट करून दिली. 'कोरडी बाग' हे नाव वहिनीनंच ठेवलं. जास्वंद किती दिवस तहान काढते, उन्हाळ्यात कुंड्या एकमेकींना खेटून का ठेवायच्या, असं काय काय ती मोबाइलवर एका बोटानं लिहीत बसायची. दादाच्या लेखी हा सगळा रिकामटेकडा उद्योग होता.

पुढे लेकीनं त्या पानांवर जाहिराती लावून दिल्या. वाचणाऱ्यानं जाहिरात उघडली की थोडे पैसे जमा होतात, हे ऐकून वहिनी एकदम गंभीर झाली. संसारात तिला काही कमी नव्हतं, पण स्वतःची म्हणावी अशी कमाई तिच्या हातात कधी पडली नव्हती. पाणी वाचवायला शिकवणाऱ्या पानावर पहिली जाहिरात झळकली ती पोहण्याच्या तलावाची, तेव्हा मात्र ती हसून हसून बेजार झाली. ठरावीक रक्कम साठल्याशिवाय कंपनी पैसे पाठवत नसे. ती साठली की गुलमंडीवरून तांब्याची झारी आणायची, असा तिचा बेत होता. तोवर झाकणाला भोकं पाडलेल्या तेलाच्या डब्यावर तिचं भागत होतं.

"लई नाय यायचं, वन्सं," ती मला म्हणाली होती, "पण जे येईल ते कुणाला इचारून खर्चायचं नाय."

रक्कम मुंगीच्या पावलानं सरकत होती. मग अचानक भराभर वाढायला लागली. वहिनीचा पाय जमिनीवर ठरेना. लोक आता खरंच वाचायला लागलेत, असं ती भेटेल त्याला सांगायची, आणि वाचकांसाठी म्हणून पहाटे उठून नवीन काहीबाही लिहायची. अशातच कंपनीचा निरोप आला. जाहिराती मुद्दाम दाबल्या जात आहेत, सबब खातं बंद, साठलेलं काही मिळणार नाही.

हा प्रताप आमच्या दादाचा. सकाळी फिरायला येणारे त्याचे सगळे मित्र, देवगावचे मेहुणे, सिल्लोडचा साडू, सगळ्यांना त्यानं गुपचूप कामाला लावलं होतं. आंघोळ झाली की सुमनच्या पानावर जायचं आणि दिसेल ती जाहिरात दाबायची. माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून मला तेवढं वगळलं होतं. माणसं बिचारी देवपूजेच्या निष्ठेनं दाबत होती. दादानं माझ्यासमोरच कबुली दिली. "तुला लवकर झारी यावी म्हणून केलं गं," तो मान खाली घालून म्हणाला.

पैसे बुडाल्याचं वहिनीला काही वाटलं नव्हतं. ज्यांना ती आपले वाचक समजत होती ते सगळे घरचेच निघाले, हे तिला लागलं होतं. ती म्हणाली, "दाबायच्या आधी वाचलं का तुम्ही काही?"

"नाय," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो झारी घेऊन आला. तिनं हात लावला नाही. झारी गच्चीच्या कोपऱ्यात पडून राहिली. मग दादानं आपणहून एक काम केलं. सकाळी गच्चीत खुर्ची टाकून बसला आणि 'कोरडी बाग' पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागला. वहिनी डब्यानं एकेका कुंडीला सावकाश पाणी घालत होती. तो अडखळत, घाईघाईनं वाचायचा. तिनं त्याला शिस्त लावली, एक परिच्छेद झाला की ती पुढच्या कुंडीशी जाईस्तोवर थांबायचं. हिवाळाभर हे चाललं. हळूहळू त्याला शंका यायला लागल्या, तो वाद घालायला लागला, सांगून सांगून ती वैतागायची आणि मनातून सुखावायची. शेवटचं पान वाचून झालं त्या सकाळी मी तिथंच पोहे खात बसले होते. वहिनी उठली, कोपऱ्यातली झारी घेतली आणि बादलीत बुडवली.

"ही माझ्या कमाईची," ती म्हणाली. दुसऱ्या कशानंच इतकी तृप्त झालेली मी तिला पाहिली नाही.

परवा दादाकडे गेले होते. दादा गच्चीतच होता. भरलेली झारी पायाशी, मोबाइल हातात, पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात. एक परिच्छेद वाचायचा, पुढच्या कुंडीकडे बघत थांबायचं... मग उठून तिला पाणी घालायचं आणि परत येऊन बसायचं. मला ते बघवेना. मी म्हटलं, दादा, तू वाच, पाणी मी घालते.

"नको," तो म्हणाला. "तू लई भरभर चालतीस."