ज्याची नक्कल, त्याचं हसू

माझा मामा कित्येक वर्षं ड्रॅगन होता. म्हणजे मुलांच्या एका कार्टून मालिकेतल्या ड्रॅगनला आवाज त्याचा. त्याआधी तो बसस्थानकावर घोषणा करायचा, आणि त्या गडगडाटापुढे उशिरा आलेल्या गाडीबद्दल तक्रार करायला कुणी धजत नसे. घरात मात्र मामीसमोर तो ब्र काढत नसे. "बाहेर आग ओकायची आणि घरात मीठ मागायलाही घाबरायचं," असं मामी म्हणायची, पण तिला त्याचा भारी अभिमान होता.

त्याच स्टुडिओत वरच्या मजल्यावर मी चित्रांत रंग भरते. ड्रॅगनचे हिरवे खवले माझ्या हातचे.

एकदा निर्मात्यांना हुक्की आली, की मालिकेची स्वतःचीच टिंगल करणारा एक भाग काढायचा. ड्रॅगन, राजकन्या आणि ससा किल्ल्यात अडकतात आणि वेळ जाईना म्हणून एकमेकांच्या नकला करतात. राजकन्या दर वेळी त्याच विहिरीत कशी पडते, ड्रॅगन ऐन लढाईत भाषण कसं ठोकतो, असलं सगळं. आपली हजामत आपणच केली, की वस्तरा दुसऱ्याच्या हातात जात नाही, असा त्यांचा हिशेब. नकलेबाबत आमच्याकडे एक जुना नियम होता: ज्याची नक्कल, तो हसला तरच टेक पक्का.

सगळे खुशीत होते. मला मात्र त्या दिवशी ती रेकॉर्डिंगची खोली नकोशी वाटली. खिडकी नाही, भिंतींना जाड गाद्या, दार लावलं की आपलीच छाती धडधडताना ऐकू येते. मी काचेमागे कात्रीशेजारी उभी होते. कात्री म्हणजे आमची रेकॉर्डिंगवाली. वाक्यांमधले श्वास, खाकरे, ओठांचे आवाज ती इतक्या सफाईनं कापते, की तिचं खरं नाव सगळे विसरलेत.

सशाचं काम करणारा माणूस दोन मुलांचा बाप, पण त्यालाही सगळे ससाच म्हणतात. त्यानं छाती फुगवली आणि ड्रॅगनचं भाषण सुरू केलं. आवाज हुबेहूब मामाचा. आणि प्रत्येक वाक्यानंतर श्वास आत घेताना एक बारीक शिट्टी. खोलीभर हशा पिकला. मामा हसला नाही.

"शिट्टी कुठून आणलीस रे?" त्यानं विचारलं.

"तुमचीच की, काका."

"माझी? काहीतरीच!"

"अहो, दर वाक्याला वाजते. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम करता."

"पुन्हा कर."

सशानं पुन्हा केलं. या वेळी हसणारे कमी होते. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मामानं काचेकडे पाहिलं. "ताई, माझी शिट्टी वाजते?"

"वाजते," कात्री म्हणाली. "मी कापते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

त्याला कुठून ठाऊक असणार? तो स्वतःला ऐकायचा ते तयार झालेल्या भागात, धुऊनपुसून काढलेलं. घरी मामी ऐकत होती, पण "ड्रॅगन तो, थोडी वाफ निघायचीच," असं मनाशी म्हणून सोडून देत होती. कात्रीचं काय चुकलं? तिचं कामच ते. तरी मला तिचा राग आला, अगदी सणकून आला.

मामानं न कापलेलं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं, जुन्यापासून. पहिलं स्वच्छ. पुढच्यात केसाएवढी शिट्टी. त्याच्या पुढच्यात ती ठळक. शेवटच्यात तर किलकिल्या दारातून वारा शिरावा तशी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"आज हसू येत नाही रे," मामा सशाला म्हणाला. "राहू दे."

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. गाठ नेमकी आवाजाच्या जागी होती, आणि वाढलेली. माणूस वाचवायचा तर ती जागाच काढावी लागणार होती. "म्हणजे आवाज?" मामीनं विचारलं. "तो जाणार," डॉक्टर म्हणाले.

मामा वाचला. गळ्याला पाडलेल्या भोकातून तो श्वास घ्यायला लागला. मामीनं सगळा राग सशावर काढला. "नकला करत बसला मेला! त्याला दारात उभं करू नका," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायची. ज्यानं दुखणं दाखवलं त्यालाच शिव्या, पण तिला सांगणार कोण?

ससा तरीही आला, कात्रीला घेऊन. पलंगाच्या पायथ्याशी टोपी पिळत उभा राहिला. "काका, तो टेक राहिलाय. तुम्ही हसल्याशिवाय मी तो पक्का करणार नाही."

"लाज नाही वाटत?" मामी कडाडली. मामानं हात वर करून तिला थांबवलं आणि सशाला खूण केली: कर.

सशानं ड्रॅगनचं भाषण केलं. शिट्टी मात्र गाळली. मामानं कपाळाला आठ्या घातल्या, आपल्या गळ्यावर बोट टेकवलं आणि हवेत गोल फिरवलं. पुन्हा.

या वेळी सशानं शिट्टी घातली. त्या खोलीत मामाचा आवाज होता आणि मामा गप्प पडला होता.

मग मामाचे खांदे हलले. डोळे मिटले, तोंड उघडलं, दात दिसले. आवाज कसलाच नाही, फक्त गळ्याशी हवा फसफसत होती. ससा घाबरून मामीकडे वळला.

"काकू, हसले का?"

मामीनं वाकून मामाच्या तोंडाकडे पाहिलं.

"हसले," ती म्हणाली. मग कात्रीकडे वळली. "ती शिट्टी कापू नकोस गं."